कॅराओके : सभाधीटपणाची पहिली पायरी

विहारात त्रिशरण-पंचशील सुरू झाले की लहान मुलापासून आजीपर्यंत सर्वांचा आवाज खणखणीत लागतो. त्यांच्यापैकीच एकाला जयंतीच्या स्टेजवर माईकपुढे एकटे उभे करा. घसा कोरडा पडतो, हातातला कागद थरथरतो. आम्ही स्वतः यातून गेलो आहोत. बँकेच्या काउंटरवर रोज शेकडो लोकांशी बोलणारे आम्ही, एका जयंतीला आभार मानायला उभे राहिलो आणि अध्यक्षांचेच नाव विसरलो!

हा केवळ हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. आपली मुले-मुली शिकली, पदव्या मिळाल्या. परंतु मुलाखतीत किंवा ग्रामसभेत तोंड उघडत नाही म्हणून मागे राहतात. समूहातला आवाज एकट्याचा व्हावा, यासाठी मधली एक पायरी हवी. ती कॅराओकेत आहे, असे आमचे मत झाले आहे.

आपल्या चळवळीला गाणे नवे नाही. आंबेडकरी जलशांनी गावोगाव विचार पोहोचवला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. तरीही गाण्याच्या बळावर ते घराघरांत पोहोचले. आपल्या खानदेशात, १९३७ साली बाबासाहेब धुळ्यास खटल्यासाठी आले होते, त्या आठवणीनिमित्त लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला यात्रा भरते. तेथेही भीमगीते घुमतात. पण गाणारे थोडे, ऐकणारे फार!

कॅराओके हा जपानी शब्द. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्राचे जपानी संक्षिप्त रूप. वाद्ये वाजतात, गायकाची जागा मात्र मोकळी असते. कोबे शहरातील वादक इनोऊए दाइसुके यांनी १९७१ मध्ये असे यंत्र तयार केले. त्यापूर्वी १९६७ मध्ये टोकियोत नेगिशी शिगेइची यांनीही तसे यंत्र बनवले होते. इनोऊए यांनी पेटंट घेतले नाही. आज तर मोबाईल आणि एक ब्लूटूथ स्पीकर पुरतो. साथीदार जमवण्याचा खर्च नाही आणि दहा वेळा चुकले तरी कोणी कंटाळत नाही.

सरावाची रीत अशी ठेवावी :

१) प्रथम पट्टी ठरवावी. पुरुष साधारणपणे काळी एक-दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या. पुरुष गायकाच्या पट्टीतील ट्रॅक मुलीला दिला तर आवाज खर्जात बुडतो आणि तिला वाटते, आपल्याला जमतच नाही. दोष तिचा नसतो, पट्टीचा असतो. मोबाईलमध्ये ट्रॅकची पट्टी बदलता येते.

२) गाण्याआधी ट्रॅक नुसता ऐकावा. सुरुवातीच्या वाद्यमेळात मात्रा मोजाव्यात, म्हणजे नेमके केव्हा उचलायचे ते कळते. नवखा माणूस बहुतेक येथेच चुकतो आणि पुढे घाबरतो.

३) माईक तोंडापासून सुमारे चार बोटे दूर धरावा. इको कमी ठेवावा. जास्त इको चुका झाकतो, सुधारत नाही.

४) आधी घरच्यांसमोर, मग पाच-सात शेजाऱ्यांसमोर, मग विहारात गावे. श्रोते हळूहळू वाढवावेत.

५) शब्द पाठ होताच स्क्रीन उलटी ठेवावी. स्क्रीनकडे पाहणारा गायक श्रोत्यांकडे पाहत नाही, आणि सभाधीटपणा म्हणजे तर श्रोत्यांच्या नजरेला नजर देणे.

६) गाणे संपताच खाली न उतरता, हे गाणे का निवडले ते दोन वाक्यांत सांगावे. मुलाखतीत आणि सभेत उपयोगी पडते ते हेच.

काही ज्येष्ठ विचारतात, यामुळे आपल्या पेटी-ढोलकीवाल्यांच्या पोटावर पाय येणार नाही काय? ही शंका रास्त आहे. ट्रॅक थांबत नाही; गाणारा चुकला तर सांभाळून घेत नाही. ढोलकीवाला गायकाकडे पाहून ठेका धरून ठेवतो, एखादी ओळ पुन्हा घेऊ देतो. म्हणून जयंतीच्या मुख्य कार्यक्रमात साथ जिवंत वाद्यांचीच असावी. कॅराओके सरावापुरता. उलट आम्ही असे सुचवतो की, भीमगीतांचे सरावाचे ट्रॅक आपल्याच वादकांकडून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावेत आणि त्यांना योग्य मानधन द्यावे. मुलांना पट्टीही मिळेल, वादकाला कामही मिळेल.

जळगाव असो वा धुळे, प्रत्येक वस्तीतील विहारात आठवड्यातून एक सायंकाळ यासाठी ठेवता येईल. स्पर्धा नको, नंबर नकोत, हसणारे तर नकोतच. विशेषतः मुलींना आणि मागच्या बाकावर बसणाऱ्यांना आधी माईक द्यावा. पुढच्या जयंतीला आभार मानण्यासाठी नवा चेहरा उभा राहिला आणि अध्यक्षांचे नाव न विसरता बोलला, तरी या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

जय भीम!