मैफल संपली, आता जेवायचं कुठे?

सिन्नरच्या स्टँडवर रात्री अकरानंतर उतरलाय कधी? चहा मिळाला तरी नशीब! आता विचार करा, तुम्ही तीन तास गायलाय आणि पोटात काहीच नाही. भरल्या पोटी दमसास टिकत नाही, म्हणून बरेच गवई कार्यक्रमाआधी बेतानंच खातात. खरं जेवण मैफलीनंतर.

पंडित भीमसेन जोशींचंच बघा ना. १९३३ मध्ये, वयाच्या ११व्या वर्षी, गुरू शोधायला त्यांनी घर सोडलं. निमित्त काय, तर पानात तूप कमी पडलं म्हणून आईशी झालेलं भांडण, असं सांगतात. (सीरियसली, तूप!) मग विनातिकीट रेल्वे, डब्यात गाणं, मिळेल ते खाणं. ग्वाल्हेर, पुढे थेट जालंधर. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना सवाई गंधर्वांकडे जायला सांगितलं. म्हणजे परत घराजवळच!

पुढे हेच भीमसेनजी स्वतः गाडी चालवत गावोगावच्या मैफलींना जायचे. पुण्याहून नाशिकची वाट आपल्या सिन्नरवरूनच जाते. असे किती गवई मध्यरात्री इथून उपाशी गेले असतील, कोण जाणे.

आपल्याकडे यादवकालीन गोंदेश्वर आहे. त्याच्या आसपास कुठे तानपुरा लागला तर? परवानग्या, साउंड, पोस्टर, सगळं आपण पोरं करू. स्वयंपाक मात्र आयोजकांच्या यादीत नेहमी शेवटी असतो. तेव्हा रात्री साडेअकराला गरम पिठलं-भाकरी कोणाच्या घरी, ते आधी ठरवा. आणि तूप हवं का असं विचारत बसू नका, सरळ वाढा.