काम चोख, तरी शेवटचा हप्ता का अडकतो? रिनोव्हेशनवाल्यांसाठी 'शनिवारचा अपडेट'

या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय, त्यांच्यासाठी हा सविस्तर लेख. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी आधी हा वाचला तरी चालेल. विषय आहे घराच्या रिनोव्हेशनचं काम घेणाऱ्या छोट्या कंपन्यांचा. म्हणजे तुम्ही स्वतः, दोन गवंडी, एक प्लंबर, एक सुतार, चार बिगारी आणि एक टेम्पो. बोर्डवर 'कन्स्ट्रक्शन अँड इंटिरिअर' लिहिलेलं असतं आणि ऑफिस खिशातल्या मोबाईलमध्ये असतं.

माझं टाईल्स आणि सॅनिटरीचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरवर मला दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. सकाळी कॉन्ट्रॅक्टर येऊन म्हणतो, "पार्टीने लाखभर अडकवून ठेवलेत." संध्याकाळी घरमालक येतो आणि म्हणतो, "कॉन्ट्रॅक्टर फोनच उचलत नाही." गंमत म्हणजे बहुतेक वेळा काम वाईट झालेलं नसतं. काम होत असताना बोलणं झालेलं नसतं, खरी अडचण तिथे असते.

ग्राहकाला नेमकं काय दिसतं?

बाथरूमचं काम घ्या. पहिल्या आठवड्यात तोडफोड होते. मग भिंतीत झिरी मारून पाइप जातात, प्रेशर टेस्ट होते, वॉटरप्रूफिंग होतं, कोबा होतो, प्लास्टर होतं. ही सगळी कामं टाईल्सच्या मागे कायमची झाकली जातात. तुमची खरी मेहनत आणि खरी जबाबदारी तिथेच आहे. पण ग्राहकाला काय दिसतं? धूळ, राडारोडा आणि "आज कोणीच आलं नाही."

साध्या सिमेंटचं काम किमान ७ दिवस ओलं ठेवावं लागतं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून निदान २४ तास, शक्यतो ४८ तास थांबावं लागतं. त्या दिवशी साइटवर माणूस नसणं हेच बरोबर काम आहे. पण हे तुम्ही सांगितलंच नाही, तर ग्राहक त्याला खाडा समजतो. असे चार खाडे त्याच्या मनात साठतात आणि शेवटच्या बिलाच्या दिवशी बाहेर पडतात.

आधी मापं, मग भाव

अर्धी भांडणं मापांवरून होतात. ग्राहकाच्या डोक्यात बाथरूम ५ बाय ७, म्हणजे ३५ स्क्वेअर फूट. तुम्ही २०० स्क्वेअर फूट टाईल्स मागवल्या की त्याला वाटतं, गडी लुटतोय.

त्याला कागदावर दाखवा. चारही भिंतींची लांबी २४ फूट, डॅडो ७ फूट उंच, म्हणजे १६८. त्यातून अडीच बाय सातचा दरवाजा वजा, म्हणजे १७.५. राहिले १५०.५. त्यात जमिनीचे ३५ मिळवा, झाले १८५.५. कापाकापीसाठी १० टक्के धरले की २०४ स्क्वेअर फूट. पाच मिनिटांचं काम आहे, पण या पाच मिनिटांत विश्वास बसतो.

त्याच कागदावर तीन गोष्टी स्पष्ट लिहा. माल कोणाचा, मजुरी किती, आणि जीएसटी धरून की वेगळा. सेवा देणाऱ्या व्यवसायाला आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे जीएसटी नोंदणी लागते आणि मालासकट घराचं काम घेतलं की नेहमीच्या पद्धतीत दर १८ टक्के. ६ लाखांच्या कामावर हा कर होतो १ लाख ८ हजार. खरेदीवरचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण 'जीएसटी वेगळा' हे दोन शब्द लिहायचे राहिले तर शेवटच्या दिवशी वाद कशावरून होणार, हे मी सांगायला नको.

हप्त्यांचं गणित: नफा कुठे ठेवलाय ते बघा

समजा, काम ६ लाखांचं आहे आणि तुमचा नफा १५ टक्के, म्हणजे ९० हजार. आपल्याकडची जुनी पद्धत काय? ५० टक्के ॲडव्हान्स, ३० टक्के मध्ये, २० टक्के काम संपल्यावर. ते शेवटचे २० टक्के म्हणजे १ लाख २० हजार. म्हणजे तुमचा पूर्ण नफा आणि वर खिशातले ३० हजार शेवटच्या हप्त्यात अडकलेत! मजुरांची खर्ची गेली, दुकानदाराचे पैसे गेले, आणि तुमच्या घरी न्यायचे पैसे 'ते कपाटाचं हँडल बदलून द्या, मग बघू' या वाक्यात अडकले.

दुसरीकडे ग्राहकाचंही ऐका. ३ लाख आधी द्यायचे आणि समोर फक्त फोडलेली भिंत. झोप त्याचीही उडते.

म्हणून हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा:

- काम ठरल्यावर: १५ टक्के, ९० हजार
- तोडफोड आणि आतली प्लंबिंग-वायरिंग झाल्यावर: २० टक्के, १ लाख २० हजार
- वॉटरप्रूफिंगची टेस्ट आणि प्लास्टर झाल्यावर: २० टक्के, १ लाख २० हजार
- टाईल्स आणि फरशी बसल्यावर: २० टक्के, १ लाख २० हजार
- ओटा, सुतारकाम, इलेक्ट्रिक फिटिंग झाल्यावर: १५ टक्के, ९० हजार
- रंग, साफसफाई, चावी दिल्यावर: १० टक्के, ६० हजार

आता शेवटी अडकले तरी ६० हजार, नफ्यापेक्षा कमी. आणि ग्राहकाला प्रत्येक हप्त्याला डोळ्यांनी बघता येईल असं काम मिळतं. टक्के तुमच्या कामाप्रमाणे बदला, पण नियम एकच: शेवटचा हप्ता नफ्यापेक्षा मोठा नको.

एक सूचना. 'रोख देतो, थोडं कमी करा' असं कोणी म्हटलं तर जपून. आयकर कायद्यानुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. तुकडे करून घेतलं तरी काम एकच धरलं जातं, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. बँकेतून किंवा यूपीआयने घ्या. पुढे दुकानाला किंवा टेम्पोला कर्ज हवं असेल तेव्हा हेच स्टेटमेंट कामाला येतं.

शनिवारचा अपडेट: पाच ओळी, चार फोटो

आता मुख्य मुद्दा. शनिवारी तुम्ही मजुरांचा हिशोब करताच. त्याच वेळी ग्राहकालाही आठवड्याचा हिशोब द्यायचा, तो विचारायच्या आधी. व्हॉट्सॲपवर, दर शनिवारी संध्याकाळी ६ वाजता. मेसेज असा:

"नमस्कार काका. आठवडा २ रा.
झालं: दोन्ही बाथरूमची आतली पाइपलाइन, प्रेशर टेस्ट ओके. मोठ्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग.
पुढच्या आठवड्यात: सोम-मंगळ पाणी तुंबवून ठेवणार, माणसं येणार नाहीत, काळजी नको. बुधवारपासून प्लास्टर.
तुमच्याकडून हवं: किचनची टाईल मंगळवारपर्यंत फायनल करा, नाहीतर काम ४ दिवस मागे जाईल.
जादा काम: या आठवड्यात नाही.
हप्ता: दुसरा, १ लाख २० हजार. टप्पा पूर्ण, फोटो खाली."

बस्स. यातली 'तुमच्याकडून हवं' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. उशिराची अर्धी कारणं ग्राहकाकडेच असतात. टाईल ठरत नाही, रंग ठरत नाही, बायकोला एक आवडतं आणि आईला दुसरं. पण लेखी मागितलं नसेल तर उशीर तुमच्याच नावावर जमा होतो.

फोटोही विचार करून काढा. नुसता भिंतीचा फोटो उपयोगाचा नाही. पाइप झाकण्याआधी मेजर टेप लावून फोटो काढा, म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून पाइप किती इंचांवर आहे ते कळेल. उद्या कोणी गीझर बसवायला ड्रिल घेऊन आला की हा फोटो घर वाचवतो. पाणी तुंबवलं की नहाणी ट्रॅप बंद केलेला दाखवा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारा, दुसऱ्या दिवशी त्याच रेघेचा परत फोटो काढा. खालच्या फ्लॅटच्या छताचाही एक फोटो त्यांना विचारून काढून ठेवा, सुरुवातीला आणि टेस्टनंतर. वर्षभराने खालचे काका 'तुमच्यामुळे गळतंय' म्हणाले, तर वाद घालायची गरज उरत नाही.

जादा काम: 'होऊन जाईल' हा शब्द महाग पडतो

"दादा, आता टाईल लावताय तर ती भिंतही करून टाका ना!" तुम्ही म्हणता, "होऊन जाईल." ग्राहकाच्या कानाला ते ऐकू येतं 'फुकट', आणि तुमच्या मनात असतं 'बिलात बघू'.

भिंत ६० स्क्वेअर फुटांची धरा. टाईल ७५, चिकटवायचा माल २५, मजुरी ४०, असे १४० रुपये फुटाला. झाले ८,४००. अशी पाच 'होऊन जाईल' झाली की ४२ हजार, म्हणजे तुमच्या ९० हजारांतला जवळपास निम्मा नफा.

भांडायची गरज नाही, तोंडावर नाही म्हणायचीही नाही. हसून म्हणा, "करूया की वहिनी! संध्याकाळी माप आणि रक्कम पाठवतो, तुम्ही ओके टाका, उद्या सुरू करतो." त्या मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहा: काम काय, रक्कम किती, दिवस किती वाढणार. 'ओके' आल्याशिवाय माणूस लावायचा नाही. एखादी बारीक गोष्ट खरंच फुकट द्यायची असेल तर जरूर द्या, पण तीही लिहा: 'रक्कम ८००, आमच्याकडून भेट.' लिहिलं तर लक्षात राहतं, नाहीतर दिलेलंही दिसत नाही.

वाईट बातमी त्याच दिवशी

जुन्या इमारतीत फरशी काढली की काय निघेल सांगता येत नाही. जीआयचा पाइप आतून गंजून गेलेला असतो, स्लॅबमध्ये ओल असते. अशी बातमी शनिवारपर्यंत ठेवू नका. त्याच दिवशी, शक्यतो व्हिडिओ कॉलवर दाखवा. नुसतं 'प्रॉब्लेम आहे' सांगू नका. काय निघालं, दोन पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च आणि हमी काय, आणि उत्तर कधीपर्यंत हवं, हे चार मुद्दे सांगा. निर्णय ग्राहकाचा. तो स्वस्त पर्याय घेणार असेल तर त्यात काय धोका आहे तेही मेसेजमध्ये येऊ द्या. मात्र सळ्या उघड्या पडल्या असतील, बीम-कॉलमला तडे असतील, तर काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तिथे पर्याय द्यायचे नसतात.

शेजारी आणि सोसायटी

फ्लॅटचं काम असेल तर सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी ग्राहकाने घेतली का, हे पहिल्या हातोड्याआधी तपासा. कामाच्या वेळा, लिफ्टमधून माल नेण्याचे नियम, राडारोडा कुठे ठेवायचा, हे सेक्रेटरीकडून लिहून घ्या. राडारोडा रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकू नका, महापालिका दंड करते. त्याची वाहतूक कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून धरा. आणि तोडफोडीच्या आदल्या दिवशी वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी जाऊन स्वतः सांगा. हेच लोक तुमचे पुढचे ग्राहक आहेत. लिफ्ट रोज झाडून ठेवली तर त्यासारखी जाहिरात नाही.

दिवाळीच्या आधी हवंय!

हे वाक्य ऑगस्टमध्ये सुरू होतं. तेव्हा कॅलेंडर समोर ठेवूनच होकार द्या. गणपतीला कोकणातली माणसं गावी जाणार. पावसाळ्यात पुट्टी आणि रंग वाळायला वेळ लागणार. परप्रांतातले कारागीर दिवाळी-छठला आणि होळीला घरी जाणार. घरी लग्न किंवा परीक्षा आहे का, हे ग्राहकाला आधीच विचारा. मग दिवाळीपासून उलटं मोजा. दोन बाथरूम, किचन आणि रंग असं काम सात-आठ आठवड्यांचं असेल आणि हातात पाच असतील, तर स्पष्ट सांगा: "दिवाळीआधी बाथरूम आणि किचन देतो, रंग तुळशीच्या लग्नानंतर." एखादं काम जाईल. पण घेतलेली चार कामं वेळेत संपतील.

आता तुमचा गृहपाठ

सध्या चालू असलेलं एकच काम घ्या. आज त्याच्या शेवटच्या हप्त्याची रक्कम आणि तुमचा अंदाजे नफा शेजारी-शेजारी लिहा. मग येत्या शनिवारी ६ वाजता पाच ओळींचा अपडेट पाठवा. वर दिलेला मेसेज तसाच कॉपी केला तरी हरकत नाही. सलग चार शनिवार करा. ग्राहकाचे 'कुठवर आलं?' विचारणारे फोन कमी झाले का, ते मोजा आणि खाली कमेंटमध्ये आकडा लिहा. पुढच्या व्हिडिओत बघूया मजुरांची खर्ची आणि दुकानदाराची उधारी, म्हणजे आमच्यासारख्यांचे पैसेही वेळेवर येतील! तोपर्यंत मापं नीट घ्या, हिशोब लिहून ठेवा.