फटफटीची नाडी

जुनी मोटारसायकल दृष्टीस पडण्यापूर्वीच तिचा आवाज कानी येतो. या आवाजावरूनच आपल्याकडे तिला ‘फटफटी’ हे नाव मिळाले. वैद्य नाडीवरून रोग्याची प्रकृती ओळखतो, त्याप्रमाणे कुशल मिस्त्री या ठोक्यांवरून इंजिनाची प्रकृती ओळखतो.

‘बुलेट’ ही अशीच एक गाडी होय. इंग्लंडमधील रेडिच येथे तिचा जन्म झाला. १९५५ साली मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथील एका कंपनीने रॉयल एन्फील्ड कंपनीशी सहकार्य केले आणि बुलेट भारतात तयार होऊ लागली. तिची मूळ रचना पुढे अनेक दशके फारशी बदलली नाही. म्हणूनच त्या काळातील गाड्या आजही क्वचित रस्त्यावर दिसतात.

या गाडीच्या इंजिनात एकच सिलिंडर असतो. त्याचा व्यास ७० मिलिमीटर असून त्यातील दट्ट्या ९० मिलिमीटर वर-खाली सरकतो. दट्ट्या खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर जाताना ते दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळालेला वायू बाहेर लोटतो. अशा रीतीने दर दोन फेऱ्यांस एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ ठिणग्या पडतात!

यातील प्रत्येक ठिणगी नेमक्या क्षणी पडली पाहिजे. मिश्रण पेटण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडणे इष्ट असते. ती फारच लवकर पडली, तर वर येणारा दट्ट्या मागे ढकलला जातो. गाडी सुरू करताना असे झाल्यास किकचा दांडा उलट फिरून चालकाच्या पायाला जबर इजा करू शकतो. उलट, ठिणगी उशिरा पडली, तर इंजिन तापते आणि चढावर धापा टाकू लागते.

मिश्रणाचेही तसेच आहे. पेट्रोलाच्या एका भागास वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. हे प्रमाण कार्बुरेटर राखतो. ते बिघडले की प्लग स्वतःच साक्ष देतो. त्यावर काळी काजळी साचली, तर पेट्रोल अधिक झाले असे समजावे. तो पांढुरका पडला, तर हवा अधिक झाली. फिकट तपकिरी रंग हे निरोगीपणाचे लक्षण होय.

हे सारे जुळविताना उतावळेपणा उपयोगाचा नाही. पुष्कळ जण इंजिन अडखळताच कार्बुरेटरचे स्क्रू फिरवू लागतात. जाणता मिस्त्री आधी झडपांची मोकळीक पाहतो. नंतर तो ‘पॉइंट’ नावाच्या दोन धातूच्या टोकांतील फट मोजतो. ही फट अवघी ०.४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या नखाच्या जाडीएवढी असते. ती बदलली की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून वेळ त्यानंतर जुळवावयाची. कार्बुरेटरला हात लावावयाचा तो सर्वांत शेवटी, इंजिन चांगले तापल्यावर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा त्याचा नियम असतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा वा बिघाड कशामुळे झाला हे कळणार कसे?

जुन्या गाडीचे इंजिन जुळविणे म्हणजे तिला शर्यतीसाठी तयार करणे नव्हे. गाडी उभी असता ठोके सावकाश व सारखे पडावेत, मूठ पिळताच तिने न अडखळता वेग घ्यावा आणि चढावर दम न सोडता चालकाला सुखरूप घरी आणावे, एवढीच अपेक्षा असते. ती अपेक्षा बळाने नव्हे, तर हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांच्या मेळाने पुरी होते.