लक्षणीय वजनघटीनंतर युवकांमध्ये आढळणारी सैल त्वचा : एक विवेचन

प्रस्तावना :
महाड व पोलादपूर या तालुक्यांतील युवकांना सैन्य व पोलीस सेवेचे आकर्षण आहे. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाची ओळखच सैनिकांचे गाव अशी आहे. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर धावण्याची चाचणी द्यावी लागते. अशा तयारीसाठी किंवा आरोग्याच्या कारणास्तव स्थूल युवक मोठ्या प्रमाणावर वजन कमी करतात, तेव्हा पोट, दंड, मांड्या व छाती येथील त्वचा अनेकदा लोंबत राहते. ही त्वचा म्हणजे अपुऱ्या व्यायामाचा पुरावा होय, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची शास्त्रीय चिकित्सा केली आहे.

१) त्वचेची रचना :
त्वचेच्या आतील थरात कोलॅजन व इलॅस्टिन हे प्रथिनतंतू असतात. कोलॅजनमुळे त्वचेस बळकटी, तर इलॅस्टिनमुळे ताणानंतर पूर्ववत होण्याची क्षमता लाभते. इलॅस्टिनची निर्मिती प्रामुख्याने जन्मापूर्वी व बालपणी होते. प्रौढपणी ती नगण्य असते. त्वचा दीर्घकाळ ताणलेली राहिल्यास या तंतूंचे जाळे विस्कळीत होते. व्यायामाने स्नायू वाढतात व चरबी घटते. परंतु तुटलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. तारुण्यात त्वचा अधिक आकुंचन पावते हे खरे. तथापि बालपणापासून स्थूल असलेल्या विशीतील व्यक्तीची त्वचा दहा-पंधरा वर्षे ताणलेली असते. घटलेले वजन, आनुवंशिकता, धूम्रपान व ऊन हे अन्य घटक होत.

२) चरबी व त्वचा यांतील भेद :
चिमटीत धरलेली घडी जाड व भरीव असल्यास तेथे चरबी शिल्लक असते. ती पातळ व सुरकुतलेली असल्यास ती प्रामुख्याने त्वचा असते. हा भेद न कळल्याने युवक उपासमार वाढवितात. परिणामी स्नायू क्षीण होतात, रक्तक्षय संभवतो आणि त्वचा अधिकच सैल दिसते.

३) आरोग्यविषयक परिणाम :
या परिसरात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत त्वचेच्या घड्यांमध्ये घाम साचून कातडी सोलवटते व नायटा होतो. त्यावर परस्पर आणलेल्या मलमांत अनेकदा स्टिरॉइड असते. त्याने खाज तात्पुरती थांबते. परंतु संसर्ग पसरतो व त्वचा पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ प्रकारच्या स्टिरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री करण्यास मनाई केली. घड्या कोरड्या ठेवणे व सुती कपडे वापरणे हा प्राथमिक उपाय होय.

४) उपचार व त्यांच्या मर्यादा :
कोणत्याही मलमाने मोठी लोंबती त्वचा नाहीशी होत नाही. स्नायूंचे व्यायाम व पुरेशी प्रथिने यांनी काही अंशी भरीवपणा येतो. अतिरिक्त त्वचा शस्त्रक्रियेने काढता येते. मात्र त्यापूर्वी वजन किमान सहा महिने स्थिर असावे लागते आणि व्रण कायम राहतात. ही सोय महाडपासून सुमारे १७० किलोमीटरवरील मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत आहे. २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या आरोग्य विम्याच्या अटींनुसार विशिष्ट निकषांवर स्थूलतेची शस्त्रक्रिया मान्य होऊ शकते; परंतु त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया सौंदर्योपचार समजून नाकारली जाऊ शकते. वारंवार होणारा संसर्ग, जखमा वा हालचालीतील अडथळा यांमुळे ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

निष्कर्ष :
१. सैल त्वचा हे आळसाचे लक्षण नसून दीर्घकालीन ताणाचा शारीरिक परिणाम आहे.
२. वजन घटल्याने रक्तदाब, मधुमेह व सांधे यांबाबत होणारा लाभ सैल त्वचेमुळे कमी होत नाही.
३. लाजेपोटी मैदान टाळणाऱ्या विद्यार्थ्याचे वजन पुन्हा वाढण्याची शक्यता असते. म्हणून वर्गात व मैदानावर शरीराविषयी शेरेबाजी होऊ न देणे आणि अशा विद्यार्थ्यास वेळीच त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविणे, ही प्राध्यापकांची व शारीरिक शिक्षण संचालकांची जबाबदारी ठरते.