गुलाबसिर कीं मोठी लालसरी?

हिंवाळ्यांत भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर बदकांचे थवे उतरतात. त्यांत क्वचित् एखादें बदक असें दिसतें कीं, सकाळच्या तिरप्या उन्हांत त्याचें डोकें गुलाबी भासावें. पाहणारानें पक्ष्यांचीं पुस्तकें चाळलेलीं असलीं, तर त्याची छाती धडधडूं लागते. कारण ज्या बदकाचें नांव त्याच्या मनांत येतें, तें रानांत निश्चितपणें दिसल्यास फार वर्षें लोटलीं आहेत.

तें नांव गुलाबसिराचें, म्हणजे गुलाबी डोक्याच्या बदकाचें. जॉन लॅथम ह्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें १७९० सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. बिहार व बंगालमधील गवताळ दलदली हें त्याचें मुख्य ठिकाण. तें विपुल कधींच नव्हतें, तरी कलकत्त्याच्या बाजारांत अधूनमधून विक्रीस येत असे. पुढें दलदली नांगराखालीं आल्या, बंदूकही थांबली नाहीं. १९३५ सालीं दरभंग्याकडे मिळालेलें बदक हें शेवटचें, असें सामान्यतः मानितात. इंग्लंडांत आल्फ्रेड एझ्रा यांनीं कांहीं गुलाबसिर पाळले होते. तेही वंश न वाढवितां संपले. जगांतील संग्रहालयांत आज सुमारें ८० नमुने काय ते उरले आहेत. त्याचें अंडें, विशेष म्हणजे, जवळजवळ चेंडूसारखें गोल असे.

मोठी लालसरी ही मात्र मध्य आशियांतून येणारी हिंवाळी पाहुणी. तिच्या नराचें डोकें फुगीर व तांबूस-नारिंगी, चोंच लालभडक. धुक्यांतून किंवा कलत्या उन्हांत हेंच डोकें गुलाबी वाटतें आणि घोटाळा होतो. तो टाळावयाचा तर डोळे डोक्यावरून खालीं आणले पाहिजेत. लालसरीच्या नराची मान व छाती काळीभोर, पण कुशी पांढऱ्या. हा पांढरा रंग बराच दुरूनही लपत नाहीं. गुलाबसिराचें सारें अंग गर्द तपकिरी, कुशीवर पांढरें कांहीं नाहीं. त्याच्या मानेची मागची बाजू गुलाबी, आणि पुढून मात्र अंगाचाच गर्द रंग अरुंद पट्ट्याप्रमाणें गळ्याकडे चढत गेलेला. उडतांना लालसरीच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा चमकतो. गुलाबसिराच्या पंखाचा तोच भाग फिकट मातकट, व पंखाची खालची बाजू फिक्की गुलाबी. लालसरीची मादी तपकिरी टोपी व फिकट गाल यांवरून सहज ओळखूं येते.

स्थळकाळाची साक्षही घ्यावी. गुलाबसिर प्रवासी नव्हता. उंच गवतानें वेढलेलीं एकांतांतलीं तळीं त्यास आवडत. उघड्या, विस्तीर्ण जलाशयावर डिसेंबरांत इतर बदकांच्या मेळ्यांत पोहणारें लाल डोकें तो असण्याचा संभव फार थोडा.

ह्या बारकाव्यांस महत्त्व अशासाठीं कीं, गुलाबसिर दिसल्याच्या वार्ता १९३५ नंतरही येत राहिल्या आणि त्यांतील कित्येकांच्या मुळाशीं मोठी लालसरीच असावी, असें जाणकार म्हणतात. उलट, प्रत्येक वार्ता हंसण्यावारी नेणेंही बरें नव्हे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें ह्या बदकास अद्याप नामशेष म्हटलेलें नाहीं. अतिसंकटग्रस्त अशी त्याची नोंद आहे. २०१७ सालीं म्यानमारांतील इंदॉजी सरोवराच्या परिसरांत एक शोधपथक जाऊन आलें, परंतु बदक दिसलें नाहीं. अशा मोहिमा ऐकीव वार्तांच्याच आधारानें निघतात. वार्ता कच्ची असली, तर माणसांचे श्रम व पैसा चुकीच्या पाण्यावर खर्चीं पडतो.

म्हणून तसें बदक दिसल्यास आधीं छायाचित्र घ्यावें. वहींत वेळ, अंतर व ऊन कोणत्या बाजूचें होतें हें लिहावें. मग गळ्याचा रंग, मग कुशीचा, उडाल्यास पंखाचा पट्टा. डोक्याचा रंग शेवटीं लिहावा.