वजन उतरते ताटात, टिकते पायांवर

शरीरातील दहा किलो चरबी नाहीशी होते तेव्हा ती नेमकी जाते कुठे, हा प्रश्न विचारला तर घामावाटे, उष्णतेच्या रूपाने किंवा स्नायूंत रूपांतर होऊन, अशी उत्तरे सर्रास मिळतात आणि ती सगळीच चुकीची असतात. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे दहा किलो चरबीपैकी ८.४ किलो चरबी कार्बन डायऑक्साइड वायू होऊन उच्छ्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेली १.६ किलो पाण्याच्या रूपाने शरीर सोडते. या ज्वलनासाठी सुमारे २९ किलो प्राणवायू आत घ्यावा लागतो. पोटाला घट्ट पट्टा बांधून किंवा प्लास्टिकचे जाकीट घालून घाम काढणाऱ्यांचे जे वजन घटते ते निव्वळ पाण्याचे असते आणि दोन पेले पाणी पोटात जाताच ते परत येते. नुसते जोरजोरात श्वास घेऊनही चरबी जळत नाही, कारण ती जळण्यासाठी शरीराला तिची गरज भासावी लागते आणि अन्नातून मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमी पडते तेव्हाच ती गरज निर्माण होते.

वीस, तीस किंवा पन्नास किलो वजन कमी करण्याचा विचार करताना एक भेद सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा लागतो. वजन उतरवणे आणि उतरलेले वजन टिकवणे ही शरीराच्या दृष्टीने दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्यात आहाराचा वाटा मोठा असतो, तर दुसऱ्यात व्यायामाचा. हा भेद न कळल्यामुळे अनेकांचे प्रामाणिक प्रयत्न वाया जातात.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात (आहारशास्त्रात ‘कॅलरी’ म्हणतात ती शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी असते). त्यावरून रोज ५०० कॅलरी कमी घेतल्यास वर्षभरात जवळजवळ २४ किलो उतरतील, असे त्रैराशिक मांडता येते आणि वजन घटवण्याच्या जाहिरातींत ते मांडलेही जाते. परंतु शरीर त्रैराशिक पाळत नाही. वजन जसजसे कमी होते तसतसा शरीराचा खर्चही कमी होतो, कारण लहान देह चालवायला कमी इंधन लागते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेला नियम अधिक वास्तववादी आहे. रोजच्या आहारात कायमचा २४ कॅलरींचा फरक केला तर वजनात अखेरीस सुमारे एक किलोचा फरक पडतो, त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. म्हणजे ५०० कॅलरींच्या कपातीने अखेरीस वीस-एकवीस किलो उतरतात खरे, पण पहिल्या वर्षाच्या शेवटी काटा दहा किलोच उतरलेला दाखवतो, आणि नेमक्या त्याच सुमारास ‘आता काही फरक पडत नाही’ म्हणून पथ्य सोडले जाते.

मिताहार म्हणजे उपासमार नव्हे, हे मुलुंड किंवा बोरिवलीतील एखाद्या चौकोनी कुटुंबाच्या स्वयंपाकघरातील तेलाच्या कॅनवरून चांगले समजते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल, तर तेलाची घनता लक्षात घेता ते साधारण ४.६ किलो तेल होते आणि माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतील २,००० कॅलरींच्या ताटात तेल-तुपाचा वाटा २७ ग्रॅम धरलेला आहे. महिन्याचा खप साडेतीन लिटरवर आणला की माणशी प्रमाण जवळपास तेवढेच भरते आणि प्रत्येकाच्या ताटातून रोज सुमारे शंभर कॅलरी वजा होतात; हॉल यांच्या नियमाने हा फरक अखेरीस प्रत्येकी चार किलोंचा आहे. त्यासाठी एकही पदार्थ बंद करावा लागत नाही, फोडणीला बाटली थेट कढईत उपडी न करता चमचा वापरावा लागतो, इतकेच. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेणाऱ्याने साखर निम्मी केली तर आणखी ऐंशी कॅलरी वाचतात. अर्थात डब्यातला फरसाण, वेफर्स आणि स्टेशनबाहेरची भजी यांतले तेल घरच्या कॅनच्या हिशेबात कधीच येत नाही, आणि उपनगरी माणसाच्या आहारातली मोठी गळती तिथेच असते. घाटकोपर पूर्वेच्या वल्लभ बाग लेनमधल्या खाऊगल्लीत तव्यावर लोणी आणि चीज पडताना पाहणाऱ्यालाही त्या एका डोशात किती चमचे गेले याचा अंदाज बांधता येत नाही.

व्यायामाने वजन उतरते या समजाला इथे थोडी मुरड घालावी लागते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता साधारण सहा किलोमीटरचा आणि शेवटी चढणीचा आहे. शंभर किलो वजनाच्या माणसाने तो पायी पार केला तर बसून राहण्यापेक्षा ढोबळमानाने तीनशे-साडेतीनशे कॅलरी जास्त खर्च होतात. परतताना स्टेशनजवळ खाल्लेला एक वडापाव तेवढ्याच कॅलरी दोन मिनिटांत परत देतो. शिवाय शरीर अन्यत्र काटकसर करून व्यायामाच्या खर्चाची काही प्रमाणात भरपाई करून घेते. टांझानियातील हाड्झा ही जमात आजही शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगते, दिवसभर चालते. तरीही हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केलेल्या मोजमापात त्या लोकांचा एकूण दैनिक ऊर्जाखर्च, देहाचा आकार लक्षात घेता, बैठ्या पाश्चात्त्य माणसापेक्षा फारसा वेगळा आढळला नाही. ताट न बदलता केवळ सकाळच्या फेरीवर विसंबणाऱ्यांच्या पदरी निराशा येते ती यामुळे.

खरी परीक्षा वजन उतरल्यानंतर सुरू होते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागातून दुसऱ्या भागाला रक्तावाटे जाणारा रासायनिक निरोप. लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि चरबीचा साठा किती आहे हे ते मेंदूला कळवते, असे दिसून आले. साठा घटला की लेप्टिन घटते आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असाच लावतो. मग भूक वाढवली जाते आणि खर्च आवळला जातो. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दैनिक खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, तर भूक जवळजवळ १०० कॅलरींनी वाढते, असा अंदाज हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडला. पंधरा किलो उतरवलेला माणूस लग्नाच्या पंगतीत जिलेबीकडे पाहतो तेव्हा त्याच्या मनाचा दुबळेपणा शोधणाऱ्या नातेवाइकांना हे आकडे ठाऊक नसतात. त्याच वर्षी ‘द बिगेस्ट लूजर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची पाहणीही प्रसिद्ध झाली. तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो गमावलेल्या या लोकांनी सहा वर्षांत सरासरी ४१ किलो परत मिळवले होते आणि तरीही विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा चयापचय, म्हणजे शरीर नुसते जिवंत ठेवण्यासाठी होणारा खर्च, अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता.

याच स्पर्धकांच्या पुढच्या विश्लेषणात मात्र व्यायामाची खरी जागा दिसून आली. ज्यांनी वजन बऱ्यापैकी टिकवले होते त्यांची शारीरिक हालचाल पूर्वीपेक्षा सरासरी १६० टक्क्यांनी वाढलेली होती, ज्यांचे वजन परत आले त्यांची केवळ ३४ टक्क्यांनी. आहारातल्या फरकाने हे दोन गट असे वेगळे काढता आले नाहीत. अमेरिकेत १९९४ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय वजन नियंत्रण नोंदवहीत किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांची नोंद होते. त्यातील सुमारे ९० टक्के लोक दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात आणि तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. ही माणसे स्वतःहून नोंद करणारी, म्हणजे आधीच यशस्वी झालेली आहेत आणि त्यांच्या सवयी सर्वांना सरसकट लावता येणार नाहीत हे खरे. तरी दोन्ही पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात.

झपाट्याने वजन उतरवण्याचे मुंबईकरांना ठाऊक असलेले ठळक उदाहरण ‘दंगल’ या २०१६ च्या चित्रपटाचे आहे. आमीर खान यांनी उतारवयातील पैलवानाची दृश्ये आधी चित्रित करवून घेतली आणि ९७ किलोंवरून सुमारे पाच महिन्यांत तरुण मल्लाचे शरीर कमावले. त्यांच्या आहाराचे मार्गदर्शन करणारे डॉ. निखिल धुरंधर हे मुंबईत स्थूलतेवर उपचार करणारे डॉ. विनोद धुरंधर यांचे पुत्र. निखिल यांची शास्त्रीय ख्याती वेगळ्याच कारणासाठी आहे. एका विषाणूच्या साथीत मेलेल्या कोंबड्यांच्या पोटात भरपूर चरबी सापडते, हे पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. एम. अजिंक्य यांच्याकडून कळल्यावर त्यांनी मुंबईतील ५२ स्थूल रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यांपैकी दहा जणांत त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे त्यांना आढळली. विषाणूचा स्थूलतेशी असलेला संबंध अजून वादाचा आहे; मात्र स्थूलता हा केवळ जिभेचा दोष नाही, हा विचार मुंबईच्या एका दवाखान्यातून पुढे गेला ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ‘दंगल’चा वेग मात्र सामान्य माणसाने अनुकरणासाठी घेऊ नये. नटाचे शरीर हेच त्या काळात त्याचे पूर्णवेळ काम होते आणि प्रशिक्षकांचा ताफा दिमतीला होता. सकाळी लोकल पकडून नोकरीवर जाणाऱ्याला आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे. फार वेगाने वजन घटवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

स्नायूंची ही झीज भारतीयांना विशेष महाग पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ आणि आतून मेदयुक्त असू शकतो तो असा. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ बीएमआयवर आखली जाते आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. वजन उतरवताना आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा, जोर किंवा वजने उचलण्याचा व्यायाम आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासळी यांतून प्रथिने हवीत ती स्नायू शाबूत ठेवण्यासाठी. काटा महिनाभर जागचा हलला नाही आणि पँट कंबरेत सैल झाली, तर ते यशच समजावे.

उपनगरांच्या बाबतीत झोपेचा मुद्दा वेगळा काढावा लागतो. दोन-अडीच तास प्रवासात गेल्यावर रात्री दहाला जेवण आणि पहाटे साडेपाचला गजर, हा अनेकांचा नित्यक्रम आहे. शिकागोतील २०२२ च्या एका प्रयोगात रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या तरुण प्रौढांना झोप सव्वा तासाने वाढवण्यास मदत करण्यात आली, तेव्हा कोणतेही पथ्य न सांगता त्यांचे खाणे रोज सुमारे २७० कॅलरींनी घटले. झोप मोडून जिमला जाण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी हा आकडा वडापावच्या शेजारी मांडून पाहावा.

टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात वजन घटवण्यासाठी उपलब्ध झाली. ती परिणामकारक आहेत, परंतु सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, असे चाचणीत दिसले. वजन टिकवण्याचे काम ती घेणाऱ्यांचेही टळलेले नाही. दुसरीकडे, भरपूर वजन उतरवल्याचा लाभ किती मोठा असतो हे ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीने २०१७ मध्ये दाखवले. टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या रुग्णांपैकी ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन उतरवले, त्यांतील ८६ टक्क्यांची साखर वर्षअखेरीस औषधांविना मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. या चाचणीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्या दिवशीच थांबवण्यात आल्या होत्या, कारण खाणे कमी झाल्यावर तेच औषध जास्त ठरते आणि साखर किंवा रक्तदाब एकाएकी खाली येऊ शकतो. इन्सुलिन, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी म्हणून ताटातला पहिला बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना गाठावे, आणि औषधाचे प्रमाण स्वतःच्या मनाने बदलू नये.