पानठेल्यावरचे मत

विदर्भातल्या गावात मत तयार होण्याचे पहिले ठिकाण म्हणजे पानठेला. नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीतही सकाळच्या वेळी रस्त्याकडेच्या ठेल्यावर माणसे जमतात. त्यांना कोणी बोलावलेले नसते, विषयही ठरलेला नसतो. युरियाच्या गोणीवरून निघालेले बोलणे युक्रेनला जाऊन येते, मोबाइलच्या रिचार्जवर रेंगाळते आणि धरणाच्या पाण्याशी येऊन थांबते.

या बोलण्याला वेळ मिळतो तो खर्ऱ्यामुळे. ठेलेवाला पन्नीवर सुपारीची कतरण टाकतो, त्यावर तंबाखू, वर चुन्याचे बोट. मग पन्नी दुमडून ती फळीवर तळहाताने दाबून घोटायला लागतो. चुना सगळीकडे सारखा लागेपर्यंत चार-पाच मिनिटे जातात आणि तोवर गिऱ्हाइकाला उभे राहून बोलण्याशिवाय दुसरे काम नसते. खर्रा जीवघेणा आहे आणि विदर्भातल्या कितीतरी घरांनी त्याची किंमत तोंडाच्या कर्करोगाने मोजली आहे. तो सुटलाच पाहिजे. त्याच्याभोवती होणारे बोलणे मात्र टिकले पाहिजे, कारण तालुक्याचा विचार तिथेच घडतो.

जगाच्या घडामोडींवर खेड्यात मत असणे ही काही मोबाइलने आणलेली गोष्ट नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले तसा भावही कोसळला. मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. म्हणजे आगगाडीच्या आधी दूरदेशीचे युद्ध इथल्या शेतकऱ्याच्या हिशेबात शिरले होते. ज्याच्या कापसाचा भाव अमेरिकेतल्या लढाईवर हलतो, त्याचे अमेरिकेविषयी काही मत असणारच.

असे बोलणे छापून येऊ लागले तेही त्याच सुमाराच्या थोडे आधी. गोपाळ हरी देशमुख यांनी वयाच्या पंचविशीत, १८४८ पासून, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहायला सुरुवात केली. १८५० पर्यंत ती १०८ झाली. आज ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात. जातिभेद, विद्या, विधवांचे हाल, परदेशी मालाने बुडणारे इथले धंदे, इंग्रजांचे राज्य का आले, असा कोणताही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. पुढे मराठी वर्तमानपत्रांत वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर रुळले. लिहिता न येणाऱ्याला मात्र त्यात जागा नव्हती.

त्या माणसासाठी पूर्व विदर्भात खडी गंमत होती, आणि अजूनही आहे. दिवाळी झाली की नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते आणि मंडईत खडी गंमत उभी राहते. शाहीर, ढोलकी, डफ, टुणटुणे आणि बाईचे सोंग घेतलेला नाच्या एवढ्यावर खेळ रंगतो. गण-गवळण झाली की शाहीर चालू काळावर येतो. हुंडा, दारू, महागाई, सरकारी योजना, मोबाइलच्या नादी लागलेली पोरे, सगळ्यांचा समाचार घेतला जातो. सवाल टाकला की समोरच्याने जबाब द्यायचा, आणि जबाब फसला तर सारी मंडई हसते. शाहिराचे मत ऐकणारा त्याच्याच भागातला असतो. खोटे बोललेले त्याला तिथल्या तिथे कळते. मत तपासण्याची याहून चांगली सोय या भागात दुसरी झालेली नाही.

ठेल्यावरच्या मतांचा खरेपणा पाहायचा तर पाण्यापासून सुरुवात करावी. पेंच नदी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून येते. तिच्यावर आधी तोतलाडोह आणि खाली पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीचे धरण आहे. धानाच्या बांध्यांना जाणारे कालवे, नागपूर शहराचे पिण्याचे पाणी आणि कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रे या सगळ्यांची बरीचशी तहान याच पाण्यावर भागते. वरच्या अंगाला मध्य प्रदेशाने चौराई धरण बांधल्यावर खाली येणारा ओघ कमी झाला. २०१९ च्या पावसाळ्याने ओढ दिली, तोतलाडोहाने तळ गाठला आणि त्या जुलैत नागपूर महापालिकेला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण त्या वर्षी धानवाल्यांना आठवली असेल तर त्यात नवल नाही. पण सगळा दोष नागपूरच्या नळाला देणे बरोबर नाही. पाऊस, वरचे धरण, कालव्यातून होणारी गळती आणि टोकाच्या शेतापर्यंत न पोचणारे आवर्तन ही कारणेही तितकीच खरी आहेत. शहराला पाणी द्यावेच लागेल. टोकाच्या शेतकऱ्याची पाळी शेवटी ठेवणे मात्र अन्यायाचे आहे.

खताच्या बाबतीत ठेल्याचा अंदाज अर्धा बरोबर निघतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ‘तिकडे बॉम्ब पडले, इकडे खत महागले’ असे बोलले जाऊ लागले. युरियाची ४५ किलोची गोणी मात्र २६६ रुपये ५० पैशांनाच राहिली, कारण वाढलेला खर्च केंद्र सरकारने अनुदानातून सोसला. पोटॅशची गोष्ट वेगळी. देशाला लागणारे जवळजवळ सगळे पोटॅश बाहेरून येते. रशिया आणि बेलारूस हे त्याचे मोठे पुरवठादार. त्याचा आणि मिश्रखतांचा भाव खरोखरच भडकला. म्हणजे बोलणाऱ्याला युद्धाचा धागा बरोबर सापडला होता, फक्त गोणी चुकली होती.

कापसाचेही तसेच. २०२२ च्या उन्हाळ्याआधी क्विंटलला दहा हजारांवर गेलेला भाव पुढे उतरला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले आणि त्याच महिन्यात भारताने परदेशी कापसावरचे ११ टक्के शुल्क काढून टाकले. ती सूट आधी सप्टेंबरपर्यंत होती, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा हा हेतू समजण्यासारखा आहे, पण इकडे बोंडे फुटण्याच्या तोंडावर घेतलेला हा निर्णय शेतकऱ्याच्या मुळावर आला, हे ठेल्यावरचे मत चूक म्हणता येत नाही.

बियाण्याबद्दल तर मत थेट शेतात उतरले. बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली. तणनाशक सोसणाऱ्या पुढच्या वाणाला ती मिळालेली नाही, तरी विदर्भात ते ‘चोर बीटी’ या नावाने खपते. निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही, हे त्यामागचे साधे कारण. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात हे बियाणे उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिले. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा, ही मागणी रास्त आहे. पण पावतीशिवाय घेतलेले बियाणे उगवले नाही तर दाद कुणाकडे मागायची, याचे उत्तर त्या पाकिटावर नसते.

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलचा डेटा एकदम स्वस्त झाला आणि ठेल्याच्या फळीवर दुसरा बोलणारा आला. त्याचा चेहरा दिसत नाही आणि उलट विचारले तर तो जबाब देत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्याआधी मुले पळवणाऱ्यांचे संदेश मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. आलेला संदेश वाचून ‘तुला कुणी सांगितले?’ हा एक प्रश्न ठेल्यावर रोज विचारला जातो. राईनपाड्यात तो कुणी विचारला असता तर पाच माणसे घरी गेली असती.

ठेल्याची एक उणीव मोठी आहे: तो पुरुषांचा आहे. आषाढात कमरेत वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बायांना कालव्याचे पाणी कधी आले आणि कधी नाही हे सर्वांत आधी कळते. त्यांचे मत बांधीत, बचत गटाच्या बैठकीत, नळावर होते आणि तिथेच राहते. महाराष्ट्राच्या कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद केली आहे ती याचसाठी.

पारशिवनीला नगरपंचायत असल्याने तिथे ग्रामसभा होत नाही, पण भोवतालच्या गावांत होते. कालव्याची पाळी, वीज, बियाणे-खताची तक्रार, यातल्या कशावरही तिथे ठराव मांडता येतो आणि तो वहीत लिहिला जातो. त्यासाठी गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला मग माणसांची कोणतीही अट राहत नाही.